रोलर डर्बी: उजवा पाय उचलेना!

हरिपूरची | १२ जानेवारी, रात्री १०:१५

क्रीडा विभागात एक तर क्रिकेट, नाहीतर हरिश्चंद्रगड. त्यामुळे हा धागा कुठे टाकावा कळत नव्हतं. इथेच टाकते. प्रशासकांनी हवा तर हलवावा.

गेल्या सप्टेंबरपासून मी रोलर डर्बी शिकतेय. माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. सपाट जमिनीवर लंबगोल ट्रॅक, पायात चार चाकांचे जुन्या पद्धतीचे स्केट्स, दोन संघ, दोन्हींच्या ५-५ जणी ट्रॅकवर. त्यातली एक जॅमर, तिच्या हेल्मेटवर चांदणी. बाकीच्या चौघी ब्लॉकर. जॅमरने आधी घोळक्यातून वाट काढून बाहेर पडायचं आणि फेरी मारून परत यायचं. मग समोरच्या जितक्या ब्लॉकरना ती मागे टाकेल तितके गुण. ब्लॉकरनी समोरचीला अडवायचं आणि त्याच वेळी आपल्या जॅमरला वाट करून द्यायची. एक डाव जास्तीत जास्त २ मिनिटांचा, मध्ये ३० सेकंद, की लगेच पुढचा. अर्ध्या-अर्ध्या तासाची दोन सत्रं. धक्के खरे असतात, नाटकातले नाहीत.

मी ४१ वर्षांची, पोर्टलंडजवळ राहते, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. शाळेत खो-खो खेळायचे, त्यानंतर घाम फक्त सांगलीच्या मे महिन्यात. नवशिक्यांच्या १२ आठवड्यांच्या वर्गात नाव घातलं आणि खोटं कशाला बोलू, पहिले सहा आठवडे मी वर्गात पुढे होते. सातव्या आठवड्यात अंगात आलं. रविवारी एका रिकाम्या पार्किंगमध्ये एकटीच सरावाला गेले. चाकाखाली हरभऱ्याएवढा खडा आला, पाय जागीच थांबले, मी दचकून मागे झाले आणि थेट बुडावर. माकडहाड! मोडलं नाही, पण पाच आठवडे सगळ्या मीटिंगा भोकाच्या उशीवर बसून केल्या.

आता दुखत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली, मी परत गेले. सरळ जाते, थांबते, गुडघ्यावर पडून उठते. पण वळणावर क्रॉसओव्हर म्हणजे उजवा पाय उचलून डाव्यावरून पलीकडे टाकायचा (डर्बीत कायम डावीकडेच वळायचं असतं), तो पाय उचलतच नाही. मेंदू म्हणतो उचल, पाय म्हणतो तूच उचल. माझ्याबरोबरच्या सगळ्या धक्क्यांच्या वर्गात गेल्या. मी अजून कोपऱ्यात शंकूंभोवती गोल गोल फिरतेय. परवा गाडीत बसून रडले.

"जिद्द ठेव", "होईल गं" हे सगळे प्रेमाने सांगतात. इथे ते नकोय. कुणाचं असं झालं असेल तर तुम्ही नक्की काय केलंत ते सांगा.

---

खडीसाखर | १२ जानेवारी, रात्री ११:०२

अगं, या संस्थळावर डर्बीचा धागा! मी मेलबर्नला, माझं पाचवं वर्ष. तीन प्रश्न.

पार्किंगमध्ये कोणती चाकं होती? ट्रक (बुटाखाली चाकांची जोडी धरणारा धातूचा भाग) किती घट्ट आहेत, म्हणजे बूट हातात धरून चाकांची जोडी अंगठ्याने दाबलीस तर झुकते का? आणि बाजूने काढलेला तुझा व्हिडिओ आहे का?

---

टेकडीवरचे नाना | १३ जानेवारी, सकाळी ७:४०

चाळिशीनंतर माकडहाड एकदा सांभाळून घेतं, दुसऱ्यांदा हिशोब मागतं. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये सहा वर्षांची पोरं स्केटिंग करतात. तेच वय आहे त्याचं. पोहणं वगैरे काही नाही का तुमच्याकडे?

(हलके घ्या.)

---

हरिपूरची | १३ जानेवारी, सकाळी ९:१०

@नाना, पोहता येतं हो. पाण्यात कुणी धक्का मारत नाही, मजा नाही.

@खडीसाखर, चाकांवर ९७ए लिहिलंय. वर्गाच्या हॉलमध्ये वापरते तीच. ट्रक दाबून बघितले, दगड! दुकानातून आले तसेच आहेत. व्हिडिओ आहे, पण बघवत नाही. खांब गिळल्यासारखी ताठ दिसते.

---

खडीसाखर | १३ जानेवारी, सकाळी ११:३५

मिळालं उत्तर. आता नीट वाच.

आकडा मोठा म्हणजे चाक कडक. ९७ए गुळगुळीत हॉलसाठी. रस्त्यावर, पार्किंगमध्ये ७८ए च्या आसपासचं मऊ चाक लागतं, ते बारीक खड्यावरून निघून जातं. कडक चाक खड्याला अडतं. म्हणजे तू पडलीस ते चुकीची चाकं घालून बाहेर गेलीस म्हणून. स्केटिंग येत नाही म्हणून नव्हे. हा फरक मनात नीट बसव, कारण तुझ्या शरीराने त्या दिवशी दुसराच धडा घेतलाय.

आता क्रॉसओव्हर. सगळे उजव्या पायाकडे बघतात. तो बिचारा निर्दोष आहे. तो हवेत असतो तेव्हा तुझं सगळं वजन डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर असतं. त्या कडेवर तू सुखाने उभी राहू शकत नसशील, तर शरीर उजवा पाय उचलूच देणार नाही, आणि ते शहाणपणाचंच आहे. त्यात तुझे ट्रक दगड. ट्रक झुकले नाहीत तर कड मिळणार कशी?

म्हणून मधला मोठा नट पाव फेरा सैल कर, चारही ठिकाणी सारखा. एकदम जास्त नको, बूट डुगडुगायला लागेल. मग पंधरा दिवस क्रॉसओव्हर हा शब्दसुद्धा काढू नकोस. शंकूभोवती डाव्या पायावर घरंगळ, उजवा नुसता जमिनीला टेकवून. मग बोटभर उचलून. मग दहा अंक मोजेपर्यंत. डावा पाय तयार झाला की उजवा आपोआप पलीकडे पडतो.

---

जाईजुई | १३ जानेवारी, दुपारी १:२०

वाचतेय. स्केट्स आयुष्यात घातले नाहीत, पण मजा येतेय.

---

हाडांची भाषा | १३ जानेवारी, रात्री ९:५०

मी नाशिकला फिजिओथेरपिस्ट आहे. इथे तपासणी करत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी परवानगी दिली आहे हे धरूनच लिहिते.

दुखणं थांबलं तरी शरीर काही काळ दुखऱ्या जागेला राखून वागतं. मागे पडल्यावर लागलेली माणसं नकळत कंबर ताठ करतात आणि गुडघे सरळ ठेवतात. चाकांवर याचा परिणाम उलटा होतो. ताठ झालात की वजन टाचांवर जातं, आणि टाचांवर वजन गेलं की माणूस मागेच पडतो. म्हणजे ज्या पडण्याची भीती वाटते, ताठ उभं राहून नेमकी त्याचीच तयारी होते. ताईंनी "खांब गिळल्यासारखी" लिहिलंय ते त्यासाठी महत्त्वाचं.

घरी, स्केट्सशिवाय: डाव्या पायावर ३० सेकंद उभं राहा, गुडघा थोडा वाकवून. जमलं की तसंच दात घासा. मग खुर्चीवरून एका पायावर उठा-बसा. यात उजवी-डावीत मोठा फरक दिसला तर जवळच्या फिजिओला दाखवा. आणि सरावाला आत गादी असलेली शॉर्ट्स घाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

---

चढाईबहाद्दर | १४ जानेवारी, सकाळी ८:०५

तालुक्याला कबड्डी खेळलोय, डर्बीचे व्हिडिओ काल रात्री पहिल्यांदा बघितले, दीड वाजेपर्यंत. ही तर आपलीच चढाई-पकड! जॅमर म्हणजे चढाईपटू. तिघी एकमेकींना धरून भिंत करतात ती आपली साखळी. फरक एवढाच की तुमच्यात चढाई करणाऱ्याने परत यायचं नसतं, पुढे निघून जायचं असतं. आणि हाताने धरायचं नाही, हे मला तरी जाचक वाटलं.

आमचे गुरुजी नवीन पोराला पहिला आठवडाभर नुसतं पाडायचे. चढाई नाही, पकड नाही. पड, ऊठ, पड, ऊठ. आम्ही वैतागायचो. पण त्यानंतर मातीची भीती कुणालाच राहायची नाही. ताई, तुम्ही आता मुद्दाम किती वेळा पडता?

---

हरिपूरची | १४ जानेवारी, सकाळी ९:३०

अरे बापरे. मुद्दाम? शून्य वेळा. पडायचंच नाही म्हणून तर सगळी धडपड चाललीये.

---

खडीसाखर | १४ जानेवारी, सकाळी ११:१५

@चढाईबहाद्दर, अनुमोदन! आणि @हरिपूरची, इथेच तर मेख आहे. पूर्ण गार्ड घालून घरात गालिच्यावर सुरू कर. एक गुडघा टेकव, ऊठ. दुसरा टेकव, ऊठ. रोज दोन्हींवर पंचवीस-पंचवीस. मुठी आवळलेल्या हव्यात, बोटं पसरलीस तर मागून येणारीचं चाक त्यावरून जाईल. तोल जायला लागला की हात मागे टाकायचे नाहीत, खाली बसायचं. पुढे, लहान होऊन पडायचं. हे इतकं घोटायचं की तोल गेल्यावर शरीराने विचार न करता गुडघा टेकवला पाहिजे.

मी पहिल्या वर्षी मनगट मोडून घेतलं होतं. परत आल्यावर दोन आठवडे नुसती पडत होते. बाकीच्या हसायच्या. हसू देत.

---

शिट्टीवाला | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:४५

लंडनहून. मी खेळत नाही, सामन्यांना पंच असतो. चार वर्षं झाली. मला बायकोने ओढलं, ती खेळते.

बाहेरून दिसणारी एक गोष्ट सांगतो. वळण आलं की घाबरलेली खेळाडू आपल्या पायांकडे बघते. सायकल शिकताना खांबाकडे बघितलं की सायकल खांबावरच जायची, आठवतं? तसंच. डावा खांदा आत घ्या आणि वळण संपतं तिथे नजर ठेवा. पाय नजरेच्या मागे येतात.

दुसरं. तुमच्या वर्गातल्या जणी पुढे गेल्या आणि तुम्ही कोपऱ्यात, हे जास्त टोचतंय असं वाटतं. मग मधल्या काळात सामन्यांना बिनस्केटचं काम घ्या. एका सामन्याला सातेक पंच स्केट्सवर असतात आणि त्याहून जास्त माणसं स्केट्सशिवाय लागतात. गुण लिहिणारे, पेनल्टीच्या खुर्चीशेजारी घड्याळ धरणारे, डावाची वेळ पाळणारे. माणसं नेहमी कमीच असतात. पेनल्टीच्या खुर्चीजवळ उभं राहिलात तर ३० सेकंदांची शिक्षा कोण कशासाठी भोगतंय ते कळतं, आणि सात पेनल्ट्या झाल्या की बाहेर, त्यामुळे चांगल्या-चांगल्या कशा चुकतात तेही. अव्वल जॅमर एका सामन्यात किती वेळा पडते ते मोजा. मी मोजलंय. नंतर वाईट वाटायचं बंद होतं.

---

हरिपूरची | २७ जानेवारी, रात्री ९:२०

उशीर झाला, माफी. हिशोब देते.

नट पाव फेरा सैल केले. पहिला दिवस भयानक, बूट पायात नसून पाय होडीत आहेत असं वाटलं. तिसऱ्या दिवशी सवय झाली. गालिच्यावर रोज पन्नास वेळा पडते. लेक मोजते आणि "आई, आज दोन कमी" म्हणून ओरडते. खालच्या मजल्यावर कुणी राहत नाही हे नशीब.

डाव्या पायावर दात घासताना उजव्याच्या निम्माही वेळ उभं राहता येत नव्हतं. कॉलेजात याच घोट्याला लचक बसली होती, ते मी विसरूनसुद्धा गेले होते. म्हणजे माकडहाडाच्या आधीपासूनच हा पाय कच्चा होता, सहा आठवडे नुसत्या उत्साहावर निभावलं. हे कळल्यावर विचित्रच वाटलं. थोडं बरं, थोडं फसवल्यासारखं.

आणि रविवारच्या सामन्यात पेनल्टीचं घड्याळ धरलं. एक जॅमर माझ्या खुर्चीत येऊन बसली, तोंडातला गार्ड काढून म्हणाली, "मला काहीच दिसलं नाही, कोणी काय केलं?" मला काय माहीत बाई! तीस सेकंद संपले, ती उठून गेली आणि पुढच्याच वळणावर पुन्हा आडवी.

क्रॉसओव्हर अजून नाही. पण घरंगळत सात अंक मोजते.

---

टेकडीवरचे नाना | २८ जानेवारी, सकाळी ८:१५

मी विरोधात होतो, अजूनही आहे. पण काल दोन तास वाचत बसलो. हा खेळ १९३५ साली शिकागोत लिओ सेल्टझर नावाच्या माणसाने सुरू केला. मंदीचा काळ. सुरुवातीला धक्काबुक्की हा खेळच नव्हता. एक पुरुष आणि एक बाई अशा जोड्यांनी ट्रॅकवर इतक्या फेऱ्या मारायच्या की अमेरिका आडवी पार केल्याएवढं अंतर व्हावं! चढाओढीत एकमेकांना आपटायला लागले आणि लोकांना तेच आवडलं. पुढे तो टीव्हीवरचा तमाशा झाला आणि मावळला. मग २००१ च्या सुमारास टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये बायकांनी तो पुन्हा उभा केला, आणि नंतर सपाट ट्रॅकवर आणला. त्यामुळे तिरका लाकडी ट्रॅक बांधायचा खर्च गेला, कुठल्याही हॉलमध्ये दोरी आणि पट्टी चिकटवली की झालं.

हे शेवटचं मला पटलं. खर्च कमी केला की खेळ पसरतो. जाता जाता, आपल्या राष्ट्रीय स्केटिंग महासंघाच्या प्रकारांतही रोलर डर्बी आहे असं दिसतंय.

---

खडीसाखर | २८ जानेवारी, दुपारी १२:००

नाना, तुम्ही आता आमचेच. आणि @हरिपूरची, तू कुठे राहतेस त्याचा अंदाज आहे ना? जागतिक अजिंक्यपद २०१५, २०१६, २०१८ आणि २०१९ ला पोर्टलंडच्या रोझ सिटी रोलर्सकडे. मधलं २०१७ चं आमच्या मेलबर्नकडे. त्या मधल्याचं नाव मी मुद्दाम काढतेय. :)

---

हरिपूरची | ९ फेब्रुवारी, रात्री ११:४०

झोप येत नाही म्हणून लिहितेय.

आज ओक्स पार्कच्या रिंकवर गेले, सगळ्यांसाठी खुला असतो तेव्हा. जुनी जागा आहे, विलामेट नदीच्या काठी. १९४८ च्या पुरात लाकडी जमिनीची वाट लागल्यावर त्यांनी ती पिंपांवर बसवली, म्हणजे पाणी आलं की जमीन सोडवायची आणि ती तरंगते. वर जुना पाइप ऑर्गन आहे. सांगलीची असल्यामुळे पूर आणि तरंगती जमीन ऐकून मला गहिवरून आलं, ते बाजूला ठेवू.

गर्दी होती. आठ-नऊ वर्षांची पोरं दोन्ही बाजूंनी सुसाट जात होती. वळणावर एक पोरगं माझ्या उजव्या अंगाने इतकं जवळून गेलं की मी नजर त्याच्या पाठीवर ठेवून आपसूक आत झुकले. आणि उजवा पाय गेला पलीकडे. ठक्क. मी काही ठरवलं नव्हतं. पुढच्या वळणावर ठरवून केलं, तर पाय अर्धाच उचलला, अडखळले. तिसऱ्यावर परत गेला. चौथ्यावर गुडघा टेकला, मुठी आवळलेल्या, उठले. शेजारून जाणारी बाई "ओके?" म्हणाली, तेव्हा कळलं की मी पडले होते.

तासाभरात मोजले. सव्वीस वळणांपैकी अकरा.

---

हाडांची भाषा | १० फेब्रुवारी, सकाळी ७:००

सव्वीसपैकी अकरा चांगलं आहे. उद्या विश्रांती घ्या. परवासुद्धा.

---

चढाईबहाद्दर | १० फेब्रुवारी, सकाळी ८:३०

ताई! आता नाव काय घेणार? व्हिडिओत सगळ्यांची भन्नाट नावं असतात पाठीवर.

---

जाईजुई | १० फेब्रुवारी, सकाळी १०:१०

"पाटा वरवंटा" घ्या. किंवा "लवंगी".

---

टेकडीवरचे नाना | १० फेब्रुवारी, सकाळी १०:४५

"माकडहाड."

---

हरिपूरची | १० फेब्रुवारी, रात्री ८:३०

नाना!! :D

मी "ठेचा" ठरवलंय. आमच्याकडचा आहे, तिखट आहे, समोरचीला ठेचायचं हाही अर्थ आहे, आणि ठेच मला लागलीच आहे. इथल्या लोकांना ठ जमत नाही, "थेचा" म्हणतात, चालेल. क्रमांक १०, सांगलीच्या गाड्यांवरच्या एमएच १० चा.

---

शिट्टीवाला | १० फेब्रुवारी, रात्री ९:१५

उत्तम नाव. पंचांना ओरडायला छोटा क्रमांक बरा पडतो. चार आकडी क्रमांकवालीला पेनल्टी देताना आमची जीभ वळते.

---

हरिपूरची | १७ मार्च, रात्री १०:५०

धागा वर काढतेय. धक्क्यांच्या वर्गाचा आज पहिला दिवस होता.

क्रॉसओव्हर अजून शंभर टक्के नाही. दमले की डावा पाय बंड करतो. शिकवणारीला आधीच सांगून टाकलं, तर ती म्हणाली, मग दमायच्या आधी धक्के खा. आधी जोडीने खांद्याला खांदा लावून रेटणं, मग तिघींची भिंत. मी भिंतीत मध्ये. @चढाईबहाद्दर, तुमची साखळी आठवली आणि दोन्ही बाजूच्यांना इतकं घट्ट धरलं की एकीने हळूच सांगितलं, श्वास घेऊ दे.

मग आली जॅमर. माझ्या वर्गातलीच, नोव्हेंबरपासून पुढे गेलेली. तिने कमरेवर असा दणका दिला की माझे दोन्ही पाय सुटले. मागे नाही पडले, खाली बसले आणि गुडघ्यावर आले. ती निघून गेली, एक गुण घेऊन. पुढच्या वेळी थांबवली. त्याच्या पुढच्या वेळी परत गेली. एकूण सहा-सात वेळा तरी झालं. उजव्या मांडीवर वांग्याच्या रंगाचा गोळा आलाय, लेकीने फोटो काढलाय.

एक अवांतर आणि खरोखर निकडीचा प्रश्न. गुडघ्याच्या आणि मनगटाच्या गार्डना जो वास येतो त्यावर काय करता? नवरा म्हणतो एक तर ते गॅरेजमध्ये राहतील नाहीतर तो.

---

खडीसाखर | १७ मार्च, रात्री ११:१०

शाब्बास ठेचा!! आणि वासावर कुणीच विजय मिळवलेला नाही. बंद पिशवीत कधी ठेवू नकोस. महिन्यातून एकदा बादलीत कोमट पाणी आणि व्हिनेगर, मग खळखळून धू आणि कडक उन्हात टाक.

---

हरिपूरची | १७ मार्च, रात्री ११:१८

पोर्टलंडात मार्चमध्ये ऊन? कुठलं?

---

टेकडीवरचे नाना | १८ मार्च, सकाळी ७:०५

पुण्याला पाठवून द्या. गच्ची मोकळीच आहे.